गच्ची, परमिट रूम आणि जिना

लासलगावात कांद्याची सोय चोख आहे. १ एप्रिल १९४७ रोजी बाजार समिती सुरू झाली. ट्रॅक्टर-पिकअप कुठे लावायचे, लिलाव कधी सुरू होणार, माल कुठे खाली करायचा, पैसे कुठे मोजून घ्यायचे, या सगळ्याला तिथे रीत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्रही गावात २००२ पासून आहे. कोकणातला हापूस २००७ पासून अमेरिकेला निघण्याआधी इथे येऊन जातो. थोडक्यात, कोकणातल्या आंब्यालासुद्धा लासलगावात थांबायला जागा आहे. मात्र दिवेलागणीनंतर चार मित्रमैत्रिणींना, त्यातही दोघी मुली असतील तर, दोन तास निवांत बसायचं असेल तर जायचं कुठे, याला गावाकडे उत्तर नाही. मग ज्यांच्या घरी गाडी आहे ते विंचूर-निफाड-चांदोरी करत साठेक किलोमीटरवरचं नाशिक गाठतात. तिथल्या हॉटेलांच्या माथ्यावर रूफटॉप लाउंज असतात. दिव्यांच्या माळा, बुटकी टेबलं, बेताचं संगीत, वर मोकळं आभाळ आणि परतायला मध्यरात्र. अशा एका रात्रीवरून घराघरांत जो वाद होतो, तो इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा बाजार समितीत कांदा खरेदी करणारे, भाची नाशिकला नोकरी करणारी. दोघंही कुणी एक माणूस नव्हेत, ती दोन मतं आहेत. माझं मत दोघांपेक्षा जरा वेगळं आहे आणि ते लपवण्याचा विचार नाही: या वादात जो तो ग्लासाकडे बघतो, जिन्याकडे आणि रस्त्याकडे कुणी बघत नाही.

मामांचा पहिला आक्षेप पैशाचा. "अगं पोरी, २०१८ साली आपल्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकला, हाती आले १०६४ रुपये. त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. सगळ्या देशाने वाचलं. तेवढ्या पैशांत तुमच्या त्या गच्चीवर दोघांचं धड खाणं होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली, ती मे २०२४ उजाडेपर्यंत उघडली नाही. माणसं उन्हाळ कांदा चाळीत भरावा की मातीमोल विकावा या घोरात, आणि तुम्ही वर बसून ग्लासात पुदिन्याची पानं ढवळता." भाची म्हणते, "मामा, कांद्याचा भाव गच्चीने पाडला नाही. भाव चांगला मिळाला त्या वर्षी लग्नात डीजे किती वाजले, ढाब्यावर किती कोंबड्या उठल्या, याचा हिशेब कुणी मागितला?" तिचा टोला वर्मी बसतो, कारण खर्चाची बोच सगळ्यांना सारखी लागत नाही. पुरुषांनी लिलाव आटोपून हायवेवरच्या ढाब्यावर बसणं हा शिणवटा घालवणं ठरतं. मुलीने पगारातून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गच्चीवर जेवणं मात्र उधळपट्टी ठरतं. आक्षेप खर्चाला असता तर दोन्हीकडे तो सारखाच लागला असता. तरीही मामांचं म्हणणं पूर्ण निकालात निघत नाही. १०६४ रुपयांची ती मनीऑर्डर ज्या बाजारातून निघाली, त्याच बाजाराच्या जिवावर गावातल्या अर्ध्या गाड्या नाशिकला धावतात. वर कोण बसतं आणि खाली कोण उरतं, याकडे पुढे यायचंच आहे.

दुसरा आक्षेप दारूचा. तो जास्त जुना आणि जास्त खरा आहे. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा. तो कधी रद्द झाला नाही, त्याला परवान्यांच्या खिडक्या पाडल्या गेल्या. आजही कागदोपत्री पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. बिअर-वाइनला वय २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण असावं लागतं. या कायद्याने राज्याला एक खास वास्तू दिली: परमिट रूम. कुठल्याही बाजारपेठेच्या गावाबाहेर पडा, ती दिसते. काचांना काळी फिल्म, आत ट्यूबलाइट, पंख्याची घरघर, प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शेंगदाणे-चकली, आणि एकूण एक गिऱ्हाईक पुरुष. कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन आणि पडदा लावून केलेली फॅमिली रूम असते. तिथे जेवणाऱ्या बाईने पडद्याआडच राहायचं असतं. भाची विचारते, "दारू गावात आहेच ना मामा? मग नाही ती काय? उजेडातली जागा." माझ्या मते हा तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. आपण दारू बंद केली नाही, ती अंधारात नेऊन ठेवली, आणि तिच्याबरोबर संध्याकाळही अंधारात नेऊन पुरुषांच्या हवाली केली. गच्चीवरच्या लाउंजमध्ये निदान चारी बाजू उघड्या असतात. कोण किती पितो ते शेजारच्या टेबलाला दिसतं. बायका, पुरुष, कधी कधी आईवडीलही असतात. लिंबू सोडा मागवला तरी वेटर भुवया उंचावत नाही. माणसं अशा जागी कमी पितात असा दावा मी करणार नाही. पण पिणं हा तिथे बसण्याचा एकमेव बहाणा राहत नाही, एवढं नक्की.

यावर मामा ठेवणीतला पत्ता काढतात. "मग आडवी बाटली कुणी केली? आम्ही?" प्रश्न बिनतोड आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दारू दुकानावर मतदान घ्यावं लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. राज्यभर कितीतरी ठिकाणी बायकांनी हे करून दाखवलं. चंद्रपूर जिल्ह्यात तर बायकांच्या मोर्चांपुढे सरकारला २०१५ मध्ये संपूर्ण दारूबंदी करावी लागली. ती २०२१ मध्ये उठली तो भाग वेगळा. मग बायकाच दारू नको म्हणत असताना बायकांच्या नावाने लाउंज कशाला मागायचं? मामांचा तर्क इथवर बरोबर येतो आणि मग घसरतो. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईची तक्रार कशाची होती? नवऱ्याच्या मजुरीची, जी घरी येण्याआधीच काउंटरवर संपते, आणि रात्रीच्या मारहाणीची. ज्या खोलीत तिला शिरताच येत नाही, त्या खोलीविरुद्ध तिने मत दिलं. बायका आणि पुरुषांनी एका टेबलावर बसून जेवण्याविरुद्ध तिने कधी मतदान केल्याचं ऐकिवात नाही. आणि दारूच नको असेल, तर कायद्याची आडकाठीही फारशी नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आणि ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने मद्य न देणारी हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली आहे. भाची म्हणते, "चालेल, ग्लास नको, गच्ची द्या." मामा हसतात, "ग्लास नसेल तर तुझे मित्र येतील का? आणि मालकाचं भाडं कशातून निघेल?" इथे भाची गप्प होते. तिचं गप्प होणं प्रामाणिक आहे, कारण अशा जागांचा ताळेबंद बहुतेक वेळा बारच्या नफ्यावरच उभा असतो.

पण निफाड तालुक्याने दारूवर नाक मुरडावं, यातही थोडी गंमत आहे. लासलगावच्या शेजारच्या विंचूरला सरकारने वाइन पार्क वसवलं. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. द्राक्ष काढणं कष्ट, ते आंबवणं उद्योग, बाटली मुंबईला पाठवणं व्यापार, आणि तीच बाटली गावात उघडणं तेवढं पाप! जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा गदारोळ उठला आणि निर्णय मागे पडला. त्या गदारोळात बागाईतदार काय म्हणतो, हे फारसं कुणी विचारलं नाही. असो, वाइनचा मुद्दा इथे जास्त ताणत नाही. ती शेतकऱ्याची तारणहार आहे, असं मानायलाही मी तयार नाही.

तिसरा आक्षेप मामा उघड बोलत नाहीत, पण बाकीच्या दोन्हींच्या तळाशी तोच आहे: मुलगी रात्री बाहेर कशाला? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला घराबाहेर दिसायला नेहमी काहीतरी काम लागतं. पिशवी, डबा, मूल, फोन, काहीतरी हातात असावंच लागतं. विनाकाम रेंगाळण्याची मुभा पुरुषांनाच. लासलगावात हे तपासायला पुस्तकाचीही गरज नाही. संध्याकाळी स्टेशनवर, चहाच्या टपरीपाशी, पारावर बसलेल्यांकडे नजर टाकली तरी पुरे. मामा म्हणतात, "कोजागरीला गच्चीवर आपल्या बाया बसत नाहीत का? मध्यरात्रीपर्यंत दूध आटतं, गाणी होतात. कुणी काही म्हणतं का?" म्हणत नाही, बरोबर. त्यामुळे गच्ची परकी नाही आणि रात्रही परकी नाही, हे मामांनी आपणहून कबूल केलं. फरक एवढाच की कोजागरीच्या गच्चीवर कोण येणार ते घर ठरवतं, आणि लाउंजमध्ये कोणाबरोबर बसायचं ते मुलगी ठरवते. मामांना खुपतं ते हे. मात्र त्याच पुस्तकात भाचीसाठीही एक चिमटा आहे. मॉल आणि कॉफी शॉप बाईला सुरक्षित वाटतात, कारण तिथे पैसे टाकून आत शिरता येतं आणि ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांना बाहेर ठेवलं जातं. ती जागा विकत घेतलेली असते, हक्काची नव्हे. गच्चीचंही तसंच.

एवढा वेळ हा वाद चारित्र्याभोवती फिरला. महाराष्ट्रात तो नेहमी तसाच फिरतो, आणि त्याची किंमत काय हे २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीने दाखवलं. लोअर परळच्या कमला मिल आवारात, ट्रेड हाउस इमारतीच्या माथ्यावर 'वन अबव्ह' आणि 'मोजोज बिस्ट्रो' ही दोन रेस्टॉरंट लागून होती. रात्री साडेबाराच्या सुमारास आग लागली आणि १४ जण गेले. त्यात ११ महिला. वाढदिवस साजरा करायला आलेली तरुणीही होती. कित्येक जण भाजून नव्हे, गुदमरून गेले, कारण बाहेर पडायची वाट सापडेना म्हणून ते स्वच्छतागृहात शिरले. आगीची सुरुवात हुक्क्याच्या निखाऱ्यातून झाल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाने काढला. निखारा बारीकच होता. त्याला भडका दिला तो वरच्या तकलादू, पेट घेणाऱ्या आच्छादनाने, आणि माणसं अडकवली ती अडलेल्या वाटांनी. मामा म्हणतात, "तेच तर सांगतोय. गच्चीवर हॉटेल नकोच." पण त्यानंतर काय घडलं ते बघा. दुसऱ्याच दिवशी मुंबई महापालिकेने शहरभर शेकडो बेकायदा बांधकामं पाडली. एका दिवसात शेकडो बांधकामं सापडतात, म्हणजे ती आधीपासून माहीत होती. पुढच्या वर्षी राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. निखारा हुक्क्याचा होता, म्हणून बंदीला कारण होतं हे मान्य. पण जिना किती रुंद, दुसरा दरवाजा आहे का, आच्छादन कशाचं, या कंटाळवाण्या प्रश्नांवर तेवढा आवाज उठला नाही. हुक्का वाईट दिसतो, बंद दरवाजा दिसतच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली. त्यातले बहुतेक तिथे राबणारे कामगार होते, अनेक जण तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकलेले. एकीकडे माणसं माथ्यावर अडकली, दुसरीकडे तळघरात. दोन्हीकडे माणसांना बाहेर पडता आलं नाही.

म्हणून मामांनी भाचीला "काय प्यायलीस" याऐवजी "खाली यायला जिने किती होते" हे विचारायला हवं. गच्चीवरच्या जागेचा धोका वेगळा असतो, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते, धूर वर चढतो आणि जिना हाच धुराचा मार्ग बनतो. एकच जिना, त्यावर रिकाम्या सोडा बाटल्यांची क्रेट, खाली गॅसची शेगडी, वर प्लास्टिकच्या वेली आणि कृत्रिम गवत, पावसाळ्यासाठी ताडपत्री: हे चित्र कुठल्याही शहरात परकं नाही, आणि ते जाळ्यासारखं माणसं धरून ठेवतं. कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावं लागतं. ते गिऱ्हाइकाला दिसेल असं गल्ल्यामागे लावायची सवय झाली, तर तेवढ्याने सुधारणा होईल. भाचीच्या पिढीने त्या कागदाचा फोटो काढायला हरकत नाही. जेवणाचे काढतातच! आवाजाचं तर सोपं आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि उघड्या गच्चीला तो पुरेपूर लागू पडतो. वरातीच्या डीजेलाही लागू पडतो, हे जाता जाता.

आता रस्ता. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, दोन ठिकाणी पार्टी करून निघालेला. त्यानंतर पब आणि रूफटॉप हॉटेलांवर कारवाईचा धडाका लागला. वय न तपासता दारू देणाऱ्यांना ती लागूच हवी होती. पण त्या प्रकरणातलं हत्यार गाडी होती, आणि लासलगावच्या संदर्भात मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटते. नाशिकहून मध्यरात्री निघालेली गाडी साठ किलोमीटर कापून येते. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा असेलच असं नाही. सकाळच्या लिलावासाठी पहाटेच निघालेले कांद्याचे पिकअप असतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात तळाला जातो, गोदाकाठी धुकं उतरतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दरवर्षी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतो, तो उगाच नव्हे. भाचीचा हिशेब असा, "मामा, गावात जागा असती तर आम्ही चालत घरी आलो असतो." मामा म्हणतात, "गावात झाली तर रोज जाल. आता महिन्यातून एकदा जाता, ते काय वाईट?" हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. हाताशी आलेली चैन वाढते, हे खरंच. पण दोन पारडी तोलून बघावीत. एका बाजूला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पायी, दुसऱ्या बाजूला महिन्यातून एकदा मध्यरात्री साठ किलोमीटर, चालवणारा थकलेला किंवा प्यालेला. शिवाय मामांचा ज्या शस्त्रावर एवढा भरवसा आहे, ते 'लोक काय म्हणतील' नाशिकमध्ये चालतच नाही. तिथे यांना ओळखतो कोण? लासलगावात मालक बापाला ओळखतो, वेटर काकाकडे कामाला होता, शेजारच्या टेबलावर शाळेतले सर असतात. तिथे कुणाचा तिसरा ग्लास झाला, तर घरी पोचण्याआधी बातमी पोचते. मामांना हवी ती नजर गावातच मिळेल. मुलांना दूर पाठवून ती मिळत नाही. भाचीला हे उत्तर फारसं आवडणार नाही, ठाऊक आहे. पण गावात जागा मागायची तर गावाची नजरही सोबत येते.

शेवटी मामांचा एक आक्षेप उरतो, आणि तो मला खोडता येत नाही. "तुझी गच्ची झाली समज. जिने दोन, कागद भिंतीवर, सगळं मान्य. वर कोण जाईल? माझी पोरं, डॉक्टरांची, नोकरीवाल्यांची. माझ्या खळ्यावर बाया सकाळपासून कांदा निवडतात. एक जेवण म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी. त्यांनी बसायचं कुठे?" भाची म्हणते, "ते गच्चीचं काम नाही." अर्धवट असलं तरी उत्तर बरोबर आहे. पैसे घेऊन बसवणारी जागा हक्काच्या जागेत भर घालू शकते, तिची जागा घेऊ शकत नाही. पण हक्काची जागा करायला लासलगावात नवी जमीनही शोधावी लागणार नाही. लिलाव आटोपला की बाजार समितीचं आवार मोकळं होतं. एवढी सपाट, दिवे-पाण्याची सोय असलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली जागा गावात दुसरी कुठली? तिच्या एका बाजूला बाक, जास्तीचे दिवे, बायकांसाठी रात्रीही उघडं आणि स्वच्छ राहणारं स्वच्छतागृह, चहाची एक गाडी. माथाडी-हमालांना दुपारी टेकायला त्याचा उपयोग, बायकांना संध्याकाळी. खर्च समितीच्या आवाक्याबाहेरचा नसावा.

"समितीच्या सभेत हे मांडणार कोण?" मामा विचारतात.

"मला तिथे मत नाही, मामा. व्यापारी गटातलं मत तुमचं आहे."

"आणि गच्चीचं?"

"गच्चीवाल्याला मी शोधते. तुम्ही फक्त उद्घाटनाला या, आणि वर येण्याआधी दोन्ही जिने चढून बघा."

"एकच असेल तर?"

"तर मीही येणार नाही."